अभ्यासक्रमाची खरी कसोटी

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवण्यात आला होता. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ही वाटणी होती. त्यामुळे दर्जा राखण्याचे मुख्य साधन विद्यापीठाच्या हाती उरले, ते परीक्षेचे. परीक्षा जितकी बिकट तितका अभ्यासक्रम उत्तम, हा समज अशा व्यवस्थेत सहज रुजतो.

या समजाविषयी पहिली गंभीर शंका घेणाऱ्यांत त्याच विद्यापीठाचा एक आद्य पदवीधर होता. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासमवेत महादेव गोविंद रानडे होते. विद्याभ्यासाचे कष्ट किती असतात, हे त्यांनी स्वतःच्या दुखऱ्या डोळ्यांनी अनुभवले होते. पुढे ते विद्यापीठाच्या सिंडिकेटचे सभासद व कला शाखेचे अधिष्ठाता झाले. अभ्यासक्रमाची राखण करण्याचे काम आता त्यांच्याकडे आले.

१८९४ साली न्यायमूर्ती रानड्यांनी एक विलक्षण प्रश्न हाती घेतला. विद्यापीठाचे पदवीधर अल्पवयात मृत्यू का पावतात? दारिद्र्य, हवामान, घरची परिस्थिती यांकडे बोट दाखवून विद्यापीठाला नामानिराळे राहता आले असते. परंतु रानड्यांनी परीक्षांच्या ओझ्याचाही विचार केला. उत्तीर्णांचे आकडे मोजणाऱ्या संस्थेला त्यांनी तिच्या मृतांकडे पाहावयास लावले. अभ्यासक्रम तपासणे म्हणजे केवळ पुस्तकांची यादी चाळणे नव्हे, तर त्या यादीने विद्यार्थ्याचे काय केले ते पाहणे होय, हा विचार त्यामागे होता.

दुसरा प्रश्न भाषेचा होता. १८६० नंतरच्या दशकात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा मागे पडल्या आणि संस्कृतादी अभिजात भाषांना त्यांची जागा मिळाली. मराठीत अभ्यासण्याजोगे ग्रंथ कोठे आहेत, असा आक्षेप असे. रानड्यांनी त्याला भावनेने नव्हे, तर पुराव्याने उत्तर दिले. मराठी ग्रंथसंपदेच्या वाढीचा आढावा त्यांनी १८९८ साली सादर केला. संस्कृतचा मान कमी न करता मातृभाषेला उच्च शिक्षणात स्थान मिळावे, यासाठी त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले. अखेर १९०१ साली एम.ए.च्या अभ्यासक्रमात मराठीचा प्रवेश झाला. त्याच वर्षी, १६ जानेवारीला, रानड्यांचे देहावसान झाले.

पुढे १९०४ च्या कायद्याने महाविद्यालयांच्या तपासणीचे अधिकार विद्यापीठांना दिले. १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली. तपासणीची यंत्रणा वाढली, अहवालांची जाडी वाढली. तथापि यंत्रणा कितीही मोठी झाली, तरी रानड्यांचे दोन प्रश्न तिला टाळता येत नाहीत. जे शिकविले जाते ते विद्यार्थ्याला पेलते काय? आणि ते त्याच्या भाषेपर्यंत, म्हणजेच त्याच्या समाजापर्यंत, पोहोचते काय? ज्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत हे प्रश्न विचारले जातात, तेथे दर्जाची राखण खऱ्या अर्थाने सुरू होते.