दारावरची पोस्त

२०२४ साली ऑक्टोबरची ३१ तारीख नेमकी नरक चतुर्दशीस आली. पहाटेचे अभ्यंगस्नान, फराळ, आलेगेले यांत दिवस गेला आणि दिवेलागणीच्या सुमारास आमच्या मीरा रोडच्या बिऱ्हाडाची घंटा वाजली. दार उघडून पाहतो तो पाचसहा बालके उभी. अंगात काळे झगे, डोक्यास टोकदार टोप्या, एकाच्या तोंडास हाडाच्या सापळ्याचा मुखवटा. आम्ही कौतुकाने करंज्याचकल्यांचे ताट पुढे केले. मंडळींनी ताटाकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि त्यांतील धिटुकल्या मुलीने, चॉकलेट नाही काय, असे विचारले. नव्हते. मंडळी गेली. त्यानंतर आणखी दोन टोळ्या आल्या. तिसरी थोराड पोरांची होती. त्यांनी घंटेवरचे बोट काढलेच नाही. दुसऱ्या दिवशी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, आमच्या व शेजारच्या दारापुढील रांगोळी पावलांनी विसकटलेली व आमच्या कडीला दंतमंजनाचा लेप दिलेला आढळला.

शेजारचे वृद्ध गृहस्थ संतापले. हे परक्यांचे भिकार थेर आपल्या दारात कशास, ही त्यांची तक्रार. तक्रार खरी होती, कारण रांगोळी त्यांच्या सुनेने दोन तास खपून काढली होती. परंतु थेर परक्याचे आणि दार आपले ही जी वाटणी त्यांनी केली, ती आम्हांस तितकीशी पटेना; म्हणून थोडे मागे जाऊन पाहावेसे वाटले.

प्रथम परकेपणाचेच पाहू. आमच्या घरापासून उत्तन आणि डोंगरी ही गावे काही फार लांब नाहीत. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली व १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती सोडविली. मधल्या दोनशे वर्षांत या किनाऱ्यावरील कोळी, आगरी, कुणबी यांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली आणि आजही ती आपली मराठी बोली बोलत येथेच नांदतात. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस व २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस हे त्यांचे शेकडो वर्षांचे सण आहेत. २ तारखेस ही मंडळी दफनभूमीत जातात, थडगी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येशी या दिवसाचे नाते लावावयास फार विद्वत्तेची गरज नाही. मात्र मुखवटे चढवून दारोदार मागत फिरणे त्यांच्या चालीत नाही. तेव्हा आमच्या दारी आलेले भूत ख्रिस्ती म्हणावे तर आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनीच ते कधी पाळलेले नाही! ते आले अमेरिकेहून, चित्रपटांच्या व इंग्रजी शाळांच्या मार्गाने.

अमेरिकेत तरी ते कोठून आले? सर्व संतांचा दिवस नवव्या शतकात पश्चिम युरोपभर १ नोव्हेंबरास स्थिरावला. क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर दुसऱ्या दिवसाचे मृतात्मस्मरण चालू केले. इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब घरोघर जात, घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत आणि मोबदल्यात लहानशी गोड भाकर घेत. म्हणजे देणारा पितरांच्या नावे देई आणि घेणारा काही काम करून घेई. शेक्सपिअरच्या 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' नाटकात या सणाच्या भिकाऱ्याच्या रडव्या सुराची उपमा येते. त्या सुराचा कंटाळा तेव्हाही होता असे दिसते. स्कॉटलंड व आयर्लंडात मुले सोंगे घेऊन फिरत, गाणे किंवा नक्कल करून दाखवीत व सफरचंदे, सुका मेवा घेत. एकोणिसाव्या शतकात तेथील लोक लक्षावधींनी समुद्रापार गेले. सण त्यांच्याबरोबर गेला, पण नव्या शहरांत ना पितर ठाऊक, ना शेजारी. उरली ती दांडगाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेतील पोरे या रात्री लोकांची फाटके उपटून नेत, खिडक्यांना साबण फाशीत, दिवे फोडीत. तेव्हा गावोगावच्या शहाण्या माणसांनी तोड काढली, की पोरांस आधीच खाऊ द्यावा. खाऊ देता की खोडी काढू, हा शब्दप्रयोग १९२७ साली कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या ब्लॅकी गावच्या बातमीत छापलेला सापडतो. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे नियंत्रण आले; ते अमेरिकेत १९४७ साली उठल्यावर हा सौदा सर्वत्र रूढ झाला. सारांश, ज्याला आमचे शेजारी थेर म्हणतात तो मुळात थेर आटोक्यात आणण्यासाठी केलेला तह होता.

आता फाटके उपटून नेणारी पोरे म्हटल्यावर कोणत्या मराठी माणसास शिमगा आठवणार नाही? होळीच्या आधी आठपंधरा दिवस गावात लाकूडफाटा सुरक्षित नसे. कुंपणाचे खांब, मोडकी खाट, शिडी, बैलगाडीचा सुटा भाग, गोवऱ्यांची उडवी, जे हाताला लागेल ते होळीत जाई. आणि एकदा होळीवर चढलेले लाकूड परत मागू नये हा संकेत होता. मालक रात्री जागत, कुत्री सोडीत, पोरांच्या बापांकडे गाऱ्हाणी नेत. परंतु ज्यास संसाराचा अनुभव असे तो निराळेच करी. तो एखादा निरुपयोगी ओंडका व चार गोवऱ्या संध्याकाळीच दाराशी काढून ठेवी आणि पोरे आली म्हणजे, न्या रे बाबांनो, म्हणून स्वतः उचलून देई. चोरीची गोडी अशाने निम्मी होई व परसातील सागवान वाचे. ब्लॅकी गावच्या बातमीआधी कितीतरी पिढ्या हा खाऊ आपल्याकडे चालू होता.

जो कवडीचुंबक काहीच देत नसे त्याचे काय होई, हे सांगावयास नकोच. त्याच्या दारापुढे उभे राहून, तोंडावर पालथा हात मारीत, त्याच्या नावाने बोंब ठोकली जाई. नावाने शिमगा करणे ही आपल्या भाषेतील म्हण त्या प्रसंगाचीच आठवण आहे. या मोकाटपणास शास्त्राचाही आधार होता, हे ऐकून आमचे शेजारी जरा थबकले. भविष्योत्तर पुराणात ढुंढा राक्षसीची कथा आहे. रघुराजाच्या काळी ही राक्षसी मुलांना पीडा देऊ लागली. शिवाच्या वरामुळे देवमानवांकडून वा शस्त्रांनी तिला मरण नव्हते. तेव्हा पुरोहितांनी उपाय सांगितला की फाल्गुनी पौर्णिमेस मुलांनी लाकडे रचून पेटवावीत, हसावे, गावे, तोंडास येईल ते बोलावे. त्या आरडाओरड्यानेच ती नाहीशी होईल. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात या कथेचा परामर्श घेतला आहे. मुलांना भिवविणारे भूत मुलांनीच गोंगाट करून पळवावे, ही कल्पना आम्हांस मोठी रसिक वाटते. व काळे झगे घालून आलेल्या त्या बालकांस ती कोणी सांगितली असती तर त्यांनी करंजीही खाल्ली असती, अशी आमची समजूत आहे.

कोकणात तर सोंगही तेच. गुहागर-दापोलीकडे शिमग्यात संकासुर घरोघर फिरतो. काळा पोशाख, डोक्यास उंच टोकदार टोपी, कमरेस घुंगरू. त्याच्याबरोबर स्त्रीवेष घेतलेला गोमू असतो. संकासुर दिसला की लहान मुले आईच्या पदराआड दडतात आणि तो पुढच्या घरी गेला की हीच मुले त्याच्या मागे धावतात. दक्षिण कोकणात 'शबय' मागत टोळ्या फिरतात. घरधनी नारळ देतो, पैसा देतो. खेळे नाचतात, घराला दुवा देतात. शिमग्याची पोस्त व दिवाळीची पोस्त हे शब्द पूर्वी घराच्या हिशेबवहीत वाण्याच्या बाकीइतकेच निश्चित असत. विदर्भात तान्ह्या पोळ्यास मुले सजविलेले लाकडी बैल ओढीत दारोदार जातात व बोजारा घेतात. ही चाल नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी पाडली असे सांगतात. तेथे मुलांस राजा, सैनिक, कृष्ण अशी सोंगेही देतात, आणि कोणासही त्यात परकेपणा दिसत नाही.

या सर्व मागण्यांत एक गोष्ट समान होती. मागणारा कोणाचा कोण हे घरधन्यास ठाऊक असे. मुखवट्याआड गुरवाचा धाकटा आहे की पाटलाचा भाचा, हे चालीवरून ओळखू येई; म्हणून बोंब मारणाऱ्यालाही मर्यादा असे, कारण उद्या त्याच विहिरीवर गाठ पडावयाची. शहर वाढले तशी ही ओळख पुसली आणि शिमगा बीभत्स होऊ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्या सुधारकांनी त्याविरुद्ध चळवळ केली ती याच शहरी शिमग्याविरुद्ध. मुंबईचे पोलीस अलीकडेही होळीच्या दिवसांत अश्लील ओरडणे व अनोळखी माणसावर रंगपाणी फेकणे यांस बंदी करणारा हुकूम काढतात. हुकुमातील 'अनोळखी' हा भाव आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

दुसरीकडे मागणाऱ्यांच्या हाती पावतीपुस्तक आले. सार्वजनिक गणेशोत्सवापासून वर्गणी ही संस्था झाली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली अशा वर्गणीवर धर्मादाय आयुक्तांची देखरेखही आली. हिशेबाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण पावती फाडणारा तरुण आकडा स्वतःच सांगतो, तेव्हा ना गाणे, ना नाच, ना दुवा. आणि मागे उभ्या असलेल्या चौघांकडे पाहून घरधनी मुकाट्याने पाकीट काढतो. काळ्या झग्यातील पोरांवर रागावणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी अशा पावत्यांवर कधी चकार शब्द काढल्याचे स्मरत नाही. आम्हीही काढलेला नाही.

दारे बंद होण्याचाही एक इतिहास आहे. मोहरमात वाघाचे सोंग घेतलेली पोरे हिंदूंच्या दारी येत व हिंदूंची पोरेही नवस फेडण्यास वाघ किंवा फकीर होत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगा झाला. पुढल्या वर्षी पुण्यात ताबुतांकडे हिंदूंनी पाठ फिरविली आणि तोच उत्साह गणपतीच्या मेळ्यांकडे वळला. सांगली जिल्ह्यात कडेगावास उंच ताबुतांच्या मिरवणुकीत दोन्ही समाज आजही खांदा देतात. पुण्यामुंबईत मात्र वाघाला पैसा देणारे हिंदू घर शोधावेच लागेल.

मीरा रोड हे तर अनोळखी माणसांचेच गाव. मिरे, काशी, नवघर, पेणकरपाडा अशी खेडी, भाताची खाचरे आणि मिठागरे येथे होती; १९८० नंतर इमारती उठल्या, १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झाली. आमच्या एका जिन्यावर मराठी, गुजराती, मुसलमान, मलयाळी व गोव्याकडील ख्रिस्ती अशी घरे आहेत. उद्वाहन थेट मजल्यावर आणून सोडते. वाटेत कोणी भेटत नाही. अमेरिकेत ज्या घराबाहेरचा दिवा लागलेला असेल तेथेच मुलांनी जावे असा संकेत आहे. नरक चतुर्दशीस तो आपल्याकडे कसा चालावा? त्या रात्री दारोदार पणत्या होत्या. बिचाऱ्या पोरांनी प्रत्येक दार आपलेच मानले.

त्यानंतरच्या सभेत बंदीचा ठराव आला होता. बरीच वादावादी होऊन ठरले ते इतकेच, की ज्यांना मुले यावीत असे वाटते त्यांनी दारावर नारिंगी कागदाचा तुकडा लावावा. मुलांनी सहा ते आठ या वेळातच फिरावे. दारात मुखवटा वर करून नाव व मजला सांगावा. आणि थोराड पोरांनी लहानांना सांभाळावे. हे शेवटचे कलम सर्वांत उपयोगी पडले. २०२५ साली दिवाळी आधीच आटोपली होती, त्यामुळे रांगोळीचाही प्रश्न नव्हता. आम्ही कागद लावला व वाटीत चॉकलेटांबरोबर उरलेल्या चकल्या ठेवल्या. चकल्या आधी संपल्या. बारा मुलांची नावे कळली. घंटा दाबून धरणारा मागच्या वर्षीचा वीर चौथ्या मजल्यावरचा निघाला व त्याने मान खाली घालून नमस्कार केला.

शेजारच्या दारावर कागद नव्हता, म्हणून मुले तेथे थांबली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ दूध घ्यावयास बाहेर आले, आमच्या दारावरच्या कागदाकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "काल आमच्याकडे कोणी आलेच नाही हो."