छातीवरची ढालुकली

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात एक ढाल होती. लाकडी, गडद पॉलिशची. मधोमध चकचकीत पत्रा, कडेने बोटभर पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर साल आणि जिंकलेल्या शाळेचं नाव कोरलेलं. कबड्डीत आमच्या मुलांनी ती मिळवली तेव्हा गावात कुणी ‘अजिंक्यपद मिळवलं’ म्हणालं नाही. ‘पोरांनी ढाल आणली’ म्हणाले. ढाल फिरती होती. वर्षभराने दुसऱ्या शाळेत गेली.

इटलीच्या फुटबॉलबद्दल वाचू लागलो आणि ही ढाल पुन्हा भेटली. तिथल्या अव्वल साखळीचं नाव सेरी आ. वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने. पण जिंकणाऱ्याने साखळी जिंकली असं इटालियन माणूस सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘स्कुदेत्तो’ जिंकला. स्कुदो म्हणजे ढाल, रोमन शिपायाच्या ‘स्कुटुम’वरून आलेली. ‘एत्तो’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. पेटीची पेटुकली होते, तशी ही ढालुकली.

ही ढालुकली कपाटात नसते, सदऱ्यावर असते. हिरवा, पांढरा, लाल असे तीन पट्टे असलेलं कापडाचं छोटंसं चिन्ह. १९२० साली कवी गाब्रिएले दानुन्झिओ आपले सैनिक घेऊन फिउमे शहर बळकावून बसला होता. तिथल्या एका सामन्यात त्याच्या माणसांनी तिरंगी ढाल सदऱ्यावर शिवून घेतली, आणि तिथून ही कल्पना आली असं सांगतात. १९२४ मध्ये जेनोआ संघ विजेता ठरला आणि पुढच्या हंगामात विजेत्याच्या छातीवर ती पहिल्यांदा दिसली. तेव्हापासून नियम तोच: विजेत्याने ती पुढचा एक हंगाम मिरवायची, पुन्हा जिंकता आलं नाही तर उतरवायची. म्हणजे ही फिरती ढालच की! नापोली संघाने ती १९९० मध्ये माराडोनाच्या वेळी मिळवली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये. तेहेतीस वर्षं. नेपल्समधल्या एका अख्ख्या पिढीने ती आपल्या संघाच्या अंगावर फक्त जुन्या फोटोंत पाहिली.

ढालीमागोमाग तोफ येतेच. सेरी आ मध्ये हंगामात सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला म्हणतात ‘कापोकानोनिएरे’. कापो म्हणजे प्रमुख आणि कानोनिएरे म्हणजे तोफ डागणारा. हा शब्द पहिल्यांदा फोडून पाहिला तेव्हा मी जागच्या जागी थांबलो, कारण मराठीने हाच प्रवास आपल्या वाटेने केलेला आहे. गोलंदाज म्हणजे मुळात तोफखान्यातला माणूस. गोळा, आणि त्याला फारसीतला फेकणाऱ्यासाठीचा ‘अंदाज’, जो तिरंदाजातही आहे. पेशव्यांच्या फौजेतले गोलंदाज तोफेला बत्ती देत. मग तोफा गेल्या, क्रिकेट आलं, आणि बेकार झालेल्या त्या शब्दाला भाषेने चेंडू देऊन पुन्हा कामाला लावलं. इटालियन भाषेने तिच्या तोफचीला गोलपोस्टासमोर उभं केलं, आपण आपल्या तोफचीला खेळपट्टीच्या टोकाला. आज गोलंदाज म्हणताना कुणाच्याही नाकाला दारूचा वास येत नाही, आणि शब्द मुरला म्हणजे काय, तर हेच.

पन्नासच्या दशकात मिलान संघाकडून खेळणारा स्वीडनचा गुनार नोर्दाल पाच वेळा असा मुख्य तोफची ठरला. एका हंगामात तर त्याने ३५ गोल केले. मायदेशी तो अग्निशामक दलात होता, म्हणून इटालियन लोक त्याला ‘पोम्पिएरे’, बंबवाला, असंही म्हणत.

खुद्द खेळाचं नाव मात्र लढाईचं नाही. इटलीची फुटबॉल संघटना १८९८ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात इंग्रजी ‘फुटबॉल’च होता. १९०९ मध्ये तो काढून ‘काल्चो’ घातला. काल्चो म्हणजे लाथ. लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे टाच, तिथून हा आला. गंमत अशी की चुन्यालाही लॅटिनमध्ये काल्क्सच म्हणत, त्यामुळे इटालियनमध्ये कॅल्शियमही काल्चोच. मराठीत लाथ मारली की अपमान होतो. ती खेळाचं नाव होणं कठीण होतं. आपण फुटबॉल तसाच ठेवला ते बरं केलं.

इटालियन फुटबॉलमधल्या बचावाच्या प्रसिद्ध पद्धतीचं नाव ‘कातेनाच्चो’, म्हणजे दाराला आतून घालायचा अडसर. प्रशिक्षक एलेनियो एरेराच्या इंटर संघाने साठच्या दशकात तो इतका घट्ट लावला की तीन स्कुदेत्तो घरात आले.

आणि बाहेर बसलेले लोक? मराठीत ते पाठीराखे. पाठ राखणारे, फार प्रेमळ शब्द आहे हा. इटालियनमध्ये ते ‘तिफोझी’, तिफो झालेले. तिफो हे टायफस या तापाचं नाव, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक ‘तुफोस’, धूर, डोक्यात भरणारी गुंगी. तू कुठल्या संघाचा, हे विचारताना इटालियन माणूस जे क्रियापद वापरतो ते याच तापातून आलेलं. क्रिकेटचा ज्वर आपल्यालाही चढतो, पण आपण त्यावरून माणसाचं नाव पाडलं नाही.

मला सर्वांत आवडतो तो प्रशिक्षकासाठीचा शब्द. इंग्रजी ‘कोच’ हंगेरीतल्या कोच गावच्या घोडागाडीवरून आला. इटालियन ‘आलेनातोरे’ आला ‘लेना’वरून. लेना म्हणजे श्वास, दमसास. त्याच्या मागे लॅटिनमधलं धापा टाकणं आहे. आलेनातोरे म्हणजे दम वाढवणारा. आमचे कबड्डीचे सर मैदानाच्या कडेला उभे राहून चढाईवर गेलेल्या पोराला एकच सांगत, ‘दम सोडू नको.’ पट्टीवर शाळेचं नाव कोरलं गेलं त्या वर्षीही ते एवढंच ओरडत होते.