कर्कप्रसार-निरोधक अब्जांशकण
अर्बुदाच्या मूळ स्थानापासून अन्य अवयवांत होणाऱ्या कर्करोगाच्या प्रसारास पायबंद घालण्याच्या हेतूने योजिलेले, मीटरच्या अब्जांशांत मोजले जाणारे सूक्ष्म कण (नॅनोकण). या दिशेचे एक उल्लेखनीय संशोधन रायगड जिल्ह्यातील खारघर (ता. पनवेल) येथे, टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संस्थेत, डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली झाले. मरणोन्मुख पेशींतून सुटलेले रंगसूत्रद्रव्याचे (क्रोमॅटिन) कण निरोगी पेशींत शिरून, त्यांच्या जनुकसंचात दाखल होऊन, तेथील डीएनएची हानी करतात, असे या गटाने २०१५ मध्ये प्रतिपादिले. आणि ज्या उपचाराने कर्कपेशी मरतात त्याच उपचारातून रोगाच्या पुनरुद्भवाचे बीज पेरले जात असावे, असा सिद्धांत पुढे मांडला. या कणांच्या बंदोबस्तासाठी पुलुलान या बहुशर्करेच्या अब्जांशकणांस हिस्टोनविरोधी प्रतिपिंडे जोडण्यात आली. हिस्टोन हे रंगसूत्रद्रव्याचे अंगभूत प्रथिन असल्यामुळे प्रतिपिंड त्यास धरून रंगसूत्रद्रव्याचा कण निष्प्रभ करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, रसायनोपचार दिलेल्या उंदरांतील डीएनएहानी व दाह या अब्जांशकणांमुळे, तसेच रेझव्हेरॅट्रॉल व तांबे यांच्या मिश्रणामुळे, घटल्याचे आढळले. मनुष्यातील प्रसाररोध दीर्घ चिकित्सालयीन परीक्षणांनीच सिद्ध व्हावयाचा असला, तरी उपचाराच्या यातना कमी करू पाहणारे हे कार्य रुग्णहिताच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे.