कूळ हॉलिवूडचं, आजोळ ब्लॅकपूलचं

लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या वॉर्नर थिएटरात १० जानेवारी १९६३ रोजी गायक क्लिफ रिचर्डचा 'समर हॉलिडे' हा सिनेमा झळकला, तेव्हा बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून पडू लागलेला बर्फ मार्च उजाडेपर्यंत हटला नाही. मध्य इंग्लंडात १८१४ च्या जानेवारीनंतर एवढा गार महिना झालाच नव्हता म्हणतात. अशा दिवसांत पडद्यावर लंडनची लाल दुमजली बस फ्रान्स, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया ओलांडून ग्रीसच्या उन्हात जाताना दिसते आणि तिच्यातली पोरं गात-नाचत असतात, म्हटल्यावर लोक तुटून पडले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये ह्याच्याहून जास्त गल्ला फक्त जेम्स बाँडच्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'ला मिळाला.

साठ वर्षं उलटली तरी ह्या सिनेमावरून दोन तट पडतात. एकांना तो निर्मळ, उन्हासारखा प्रसन्न वाटतो, कधीही लावावा आणि मन हलकं करून घ्यावं असा. दुसऱ्यांना तो शुद्ध पोरकटपणा वाटतो. गोष्ट चिमूटभर, विनोद शिळे, नायक इतका सोवळा की प्रेमात पडलेला कळूही नये. गंमत म्हणजे दोन्ही बाजू दाखले त्याच त्या प्रसंगांचे देतात. मूकनाट्याचा लांबलचक प्रवेश एकाला मेजवानी वाटतो, तर दुसरा त्या वेळात चहा टाकून येतो. ह्या भांडणाचं मूळ सिनेमाच्या गुणदोषांपेक्षा त्याच्या घराण्यात आहे, असं माझं म्हणणं आहे. ह्याला एक कूळ आहे आणि एक आजोळ आहे. बघणारा कोणत्या बाजूची ओळख धरून बसलाय, त्यावर त्याचं मत ठरतं.

आधी कूळ. १९३९ साली एमजीएमनं 'बेब्ज इन आर्म्स' काढला. दिग्दर्शक बझ्बी बर्कली, पडद्यावर मिकी रूनी आणि ज्युडी गारलंड. नाटकवाल्यांची पोरं पैसे उभे करायला स्वतःच एक खेळ बसवतात, एवढीच गोष्ट. हा साचा इतका चालला की पुढे कित्येक वर्षं अडचण कुठलीही असो, उपाय एकच: चला, खेळ बसवू या! क्लिफ रिचर्डचा 'समर हॉलिडे'च्या आधीचा सिनेमा, १९६१ चा 'द यंग वन्स', ह्याच साच्यातून निघालेला. लंडनमधला तरुणांचा क्लब एक धनाढ्य बिल्डर पाडायला निघतो, बिल्डर नायकाचाच बाप निघतो आणि क्लब वाचवायला पोरं अर्थातच खेळ बसवतात. तो धो धो चालला. त्यातला निर्माता केनेथ हार्पर आणि लेखकांची जोडी 'समर हॉलिडे'लाही कायम राहिली. नृत्यं बसवायला ह्या दोन्ही सिनेमांसाठी अमेरिकेहून हर्बर्ट रॉसला आणलं होतं. हाच रॉस पुढे दिग्दर्शक झाला आणि त्याच्या 'द टर्निंग पॉइंट'ला ऑस्करची अकरा नामांकनं मिळाली.

कुळातली दुसरी देणगी आपल्याही ओळखीची आहे. घर सोडून पळालेली मुलगी, तिच्या मागावर घरचे, आणि बसमध्ये भेटलेला साधा तरुण. फ्रँक काप्राचा १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' हे त्याचं मूळ घर. आपल्याकडे राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' आणि पुढे 'दिल है के मानता नहीं' त्याच घरातले. 'समर हॉलिडे'तली बार्बरा ही अमेरिकन गायिका. आईच्या जाचाला कंटाळून ती पळते आणि बसमध्ये लपते. आई मुलीच्या बेपत्ता होण्याचीही जाहिरात करून घेते, वर बस अथेन्सला पोचू नये म्हणून माणसं पेरते. ह्या आईचं काम मॅज रायननं असं ठसक्यात केलंय की सिनेमा न आवडणारेही तिला सोडून बोलतात.

पण ही बार्बरा लपते कशी? पोराचे कपडे घालून. इथून आजोळ सुरू होतं. नाताळच्या सुटीत लहान पोरांना घेऊन ब्रिटिश कुटुंबं ज्या पँटोमाइमला जातात, त्यात नायकाचं काम परंपरेनं मुलगी करते आणि म्हातारीचं काम पुरुष करतो. हे सोंग ओळखू येतं की नाही, असा प्रश्न तिथं कुणाला पडत नाही, कारण ओळखू यावं हीच तर मजा. बार्बराला पोरगा समजणारी बसमधली मेकॅनिक पोरं आंधळी आहेत का, असं विचारणारा प्रेक्षक हॉलिवूडच्या हिशोबानं बरोबर आहे. पँटोमाइमच्या हिशोबानं तो चुकीच्या मांडवात शिरलाय.

ह्या आजोळात आणखीही बरीच माणसं नांदतात. एकोणिसाव्या शतकातलं म्यूझिक हॉल, म्हणजे दारू पीत गाणी-नकला ऐकायचं थिएटर. ब्लॅकपूल, स्कारबरो, ब्रायटन अशा गावांत समुद्रात शिरलेल्या लाकडी-लोखंडी धक्क्यांवर उन्हाळाभर चालणारे खेळ. पांढऱ्या झग्यांवर मोठाले गोंडे लावून गाणारी पियरो मंडळी. आणि सगळ्यात धाकटं भावंड म्हणजे लंडनच्या वेस्ट एंडचा रिव्ह्यू: छोटी थिएटरं, शहरी चुरचुरीतपणा, दहा-दहा मिनिटांच्या नकला आणि गाणी. 'समर हॉलिडे'चे लेखक पीटर मायर्स आणि रोनाल्ड कॅस हे रिव्ह्यूतले मुरलेले गडी. पन्नासच्या दशकात त्यांनी ह्याच प्रकारावर नाव कमावलं. मूकनाट्याच्या टोळीचा म्होरक्या झालेला रॉन मूडीदेखील रिव्ह्यूमध्येच तयार झालेला नट. 'ऑलिव्हर!'मधला फेगिन त्यानं १९६० साली रंगमंचावर आणि १९६८ साली पडद्यावर केला, म्हणून आज तो आठवतो.

रिव्ह्यू लिहिणारा माणूस सिनेमा लिहितो तेव्हा गोष्ट म्हणजे दोरी बांधायची, आणि तिच्यावर एकेक कपडा टांगत जायचं. फ्रान्समध्ये मूकनाट्य, ऑस्ट्रियात वॉल्ट्झ, युगोस्लाव्हियात धनगरांच्या वस्तीत भाषेचा घोटाळा आणि गळ्यात पडू पाहणारं लग्न. कपडे बघायचे की दोरी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. गोष्ट पातळ असल्याची तक्रार खरीच आहे. फक्त ती जाड करायची असं लेखकांच्या मनात कधी आलं असेल, असं वाटत नाही.

ह्या दोन घरांचं लग्न लावून दिलं ते रॉक-अँड-रोलनं. क्लिफ रिचर्ड मूळचा हॅरी वेब, जन्म १९४० चा, लखनौचा. स्वातंत्र्यानंतर वर्षभरानं वेब कुटुंबानं मुंबईहून 'रांची' नावाच्या बोटीत बसून टिलबरी बंदर गाठलं. दहा वर्षांत, १९५८ साली, त्याच्या 'मूव्ह इट'नं ब्रिटिश रॉकला स्वतःचा आवाज मिळवून दिला. पण रॉक-अँड-रोल हे दोन वर्षांचं खूळ आहे, तेव्हा पोराला अष्टपैलू करमणूकदार करून ठेवावं, ही त्या काळातल्या व्यवस्थापकांची ठाम समजूत होती. हिवाळ्यात पँटोमाइम, उन्हाळ्यात समुद्रकाठचा सीझन, मधूनमधून सिनेमा. त्याच्यासारखाच रॉक गायक टॉमी स्टील त्याच वाटेनं गेला. खुद्द क्लिफचा १९५९ चा 'एक्स्प्रेसो बोंगो' ह्याच धंद्याची टर उडवणारा आहे, आणि तिखटपणात तो 'समर हॉलिडे'च्या कितीतरी पुढे आहे. चारच वर्षांत टर उडवणाऱ्या सिनेमातला पोरगा गुळगुळीत भांग पाडून बस चालवायला बसला. जुने रॉकवाले ह्या सिनेमावर खार खाऊन असतात ते ह्यासाठी. त्यांचा राग मला समजतो.

बसचीही कुळी चांगली आहे. ती एईसीनं लंडन ट्रान्सपोर्टसाठी बांधलेली आरटी जातीची बस. ही जात १९३९ मध्ये रस्त्यावर आली आणि युद्धानंतर हजारोंनी बांधली गेली. सिनेमाच्या एल्स्ट्री स्टुडिओजवळच लंडन ट्रान्सपोर्टचा अल्डनहॅम कारखाना होता. तिथं बसगाड्या सुट्या करून, दुरुस्त करून पुन्हा जोडायचे. नायक तिथलाच मेकॅनिक दाखवला आहे. रस्त्यानं युरोप ओलांडायची कल्पनाही हवेतली नव्हती. १९५७ साली ओझवाल्ड गॅरो-फिशर नावाच्या गृहस्थानं 'इंडियामॅन' नावाची बस लंडनहून थेट कलकत्त्याला आणली होती. सामान्य ब्रिटिश माणूस मात्र अजून देशातल्याच समुद्रकाठी सुटी घालवत होता. पगारी रजेचा कायदा १९३८ चा, विमानानं नेणारी पहिली पॅकेज सहल १९५० ची, आणि अशी सहल परवडणारे मोजकेच. म्हणून सिनेमाची सुरुवात काळ्या-पांढऱ्या रंगात होते: समुद्रकाठ, भर उन्हाळ्यात पाऊस, भिजलेले सुटीकर. मग नायक लाल बस घेऊन येतो आणि पडदा रंगीत होतो. सिनेमातलं सगळ्यात हुशार काम ते हेच, पहिल्या पाच मिनिटांतलं.

दिग्दर्शक पीटर येट्सचा हा पहिला सिनेमा. तो काही काळ मोटारशर्यतींच्या धंद्यात होता. पाच वर्षांनी त्यानं हॉलिवूडमध्ये 'बुलिट' केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून उडणाऱ्या मोटारींचा तो पाठलाग आजही सिनेमाच्या वर्गात दाखवतात. 'समर हॉलिडे'तली बस वळणावर कशी टिपली आहे ते नीट बघा, माणसाचा हात कळतो. नाच टिपताना मात्र तोच हात अवघडतो.

आता ज्यावर मी नाराजांच्या बाजूचा आहे, ते सांगून टाकतो. युगोस्लाव्हियाचा भाग आज बघवत नाही. तिथली माणसं म्हणजे आडदांड, मिशाळ, मुलगी गळ्यात बांधायला टपलेली. परदेशी माणूस दिसला की हसायचं, हा म्यूझिक हॉलचा जुना रिवाज. आजोळाकडून गाणी आली तसा हाही आला. तो कुठून आला ते कळलं म्हणून पोटात घालावा असं काही नाही. ऑस्ट्रियातला वॉल्ट्झही निम्मा कापला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. उलट गाण्यांबद्दल रुसायला मला जागा सापडत नाही. शीर्षकगीत शॅडोज बँडच्या ब्रूस वेल्च आणि ब्रायन बेनेट ह्यांचं. 'बॅचलर बॉय'मध्ये नायक अविवाहित राहण्याचा निर्धार गातो आणि सिनेमा त्याला बोहल्यावर चढवायच्या बेतात संपतो. ह्या सिनेमातली एवढी एकच गोष्ट मला खरोखर खट्याळ वाटते. १९६३ च्या पहिल्या तीन महिन्यांत ह्या सिनेमातली गाणी आणि शॅडोजचं 'फूट टॅपर' आळीपाळीनं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आली.

पण दैवाची वेळ बघा. प्रीमियरच्या दुसऱ्याच दिवशी, ११ जानेवारीला, बीटल्सची 'प्लीज प्लीज मी' ही तबकडी बाजारात आली. पुढच्या वर्षीच्या जुलैत क्लिफचा 'वंडरफुल लाइफ' आणि बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' एकाच आठवड्यात लागले, आणि क्लिफचा मामला एका रात्रीत म्हातारा दिसू लागला. बीटल्सच्या सिनेमात दिग्दर्शक रिचर्ड लेस्टरचा कॅमेरा हातांवर पळत होता, पोरं तिरकस बोलत होती, रंगांची गरज कुणाला भासत नव्हती. 'समर हॉलिडे' बाळबोध असल्याचं मत तेव्हापासून पक्कं झालं. खरं तर ते मत 'समर हॉलिडे' बघून बनलेलंच नाही. ते त्याच्यानंतर आलेल्या सिनेमाच्या शेजारी त्याला बसवून बनलं.

आणि त्या शेजाऱ्याचं घराणं तरी कुठलं? 'अ हार्ड डेज नाइट'ची सगळी धडपड रिंगोला वेळेवर टीव्हीच्या कार्यक्रमाला हजर करण्यासाठी आहे. म्हणजे पुन्हा खेळच. मिकी रूनीला ती गोष्ट चटकन कळली असती. १९६७ मध्ये तर बीटल्सनी स्वतःच एक बस भाड्यानं घेतली, तिच्यात नकलाकार, गायक, जाडी मावशी, बुटका फोटोग्राफर असे लोक कोंबले आणि डेव्हन-कॉर्नवॉलच्या रस्त्यांवर 'मॅजिकल मिस्टरी टूर' चित्रित केली. कुठे जातोय ते न सांगता नेणारी बसची सहल ही समुद्रकाठच्या कामकरी सुट्यांचीच एक पद्धत. बीबीसीनं नाताळच्या दुसऱ्या दिवशी ती दाखवली, तीही काळ्या-पांढऱ्यात, आणि समीक्षकांनी तिचे वाभाडे काढले. गोष्टच नाही, असा आरोप होता.

क्लिफच्या वाट्याला थट्टा जास्त आली, पण तीही मायेची. १९८२ मध्ये बीबीसीवर 'द यंग वन्स' नावाची उद्धट विनोदी मालिका सुरू झाली. नावच त्याच्या सिनेमाचं, आणि त्यातला एक नग त्याचा कट्टर भक्त. १९८६ साली त्याच टोळीबरोबर क्लिफनं 'लिव्हिंग डॉल' पुन्हा गायलं, धर्मादाय कामासाठी, आणि ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं.

१९९६ मध्ये 'समर हॉलिडे'चं रंगमंचावर संगीत नाटक झालं. नायकाच्या जागी डॅरन डे, गाणी तीच. ते वेस्ट एंडला न लावता आधी ब्लॅकपूलच्या ऑपेरा हाऊसमध्ये लावलं, भर उन्हाळी सीझनला.