वसईहून लिस्बन किती लांब?

पाचूबंदरला किनाऱ्यावर होड्या, पाठीशी वसईचा किल्ला आणि वर आभाळात कधी मुंबईच्या वाटेवरचं विमान. मुंबई ते लिस्बन हवाई अंतर सुमारे ८,००० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाचं विमान न थांबता गेलं, तर नऊ-दहा तासांचा मामला. पण एकेकाळी हे अंतर महिन्यांत मोजलं जाई आणि त्यावर वसईचं नशीब अवलंबून होतं.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. तिथून पुढची दोनशे वर्षं इथला कारभार गोव्यातून चाले आणि गोव्याचा लिस्बनहून. लिस्बनची जहाजं मार्च-एप्रिलमध्ये निघत, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून नैऋत्य मोसमी वारा शिडांत भरून घेत आणि सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. परतायला हिवाळ्यातला ईशान्येचा वारा हवा. म्हणजे पत्र पाठवावं आणि उत्तराची दीड-पावणेदोन वर्षं वाट पाहावी! पाचूबंदरच्या कोळ्याला हे गणित समजावून सांगायला नको. पावसाळ्यात होडी वर ओढायची आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्यात घालायची, हे त्याच्या घरचंच पंचांग.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांनी वसईचा वेढा आवळला. तटाखाली सुरुंग लावले गेले, दोन्हीकडची माणसं मोठ्या संख्येनं पडली. त्याच वेळी गोव्यावरही मराठ्यांचा दाब होता, त्यामुळे तिथून पुरेशी मदत निघेना. लिस्बन तर वाऱ्याच्या पलीकडे. मे महिन्यात किल्ला शरण आला. शिबंदीला शस्त्रांनिशी आणि कुटुंबांसह जाऊ देण्याचं औदार्य अप्पांनी दाखवलं. कुमक घेऊन नवा व्हाइसरॉय गोव्यात पोचला तो १७४१ मध्ये. वसई मराठ्यांच्या शौर्यानं जिंकली हे खरंच. पण शत्रूचं घर किती लांब आहे, हेही त्या विजयाचं एक कारण होतं.

पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आफ्रिकेचा वळसा वाचला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं आणि युरोप दोन दिवसांच्या आत आला. पूर्वीचे महिने आता तासांवर आले.

मंडळी, अंतर किलोमीटरमध्ये बदलत नाही, वेळेत बदलतं. वेळेवर न पोचलेल्या मदतीनं एक राज्य इथून उठलं. त्याच जहाजांतून आलेले पाव, चावी, बटाटा, हापूस हे शब्द मात्र मराठीत असे रुळले, की आता त्यांना परकं म्हणवत नाही. राजाचा हुकूम अंतरापुढे हरतो. माणसांच्या तोंडी बसलेला शब्द हरत नाही.