छावणीच्या पगारात गेलेली राजधानी

अमरावतीहून उत्तरेला निघालं की पन्नासेक किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक शहर लागतं. एसटीच्या पाटीवर त्याचं नाव 'परतवाडा', नगरपरिषदेच्या कागदावर 'अचलपूर'. पोस्टखात्याच्या लेखी ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. अचलपूर सिटीचा पिनकोड ४४४८०६, आणि अचलपूर कॅम्प म्हणजे परतवाड्याचा ४४४८०५. दोन्हींत अंतर जेमतेम तीन किलोमीटर. पुण्यात किंवा बंगळुरात कुणी गाव विचारलं, तर इकडची पोरं एवढं सगळं सांगत बसत नाहीत. 'अमरावती साइड' म्हणून मोकळी होतात.

पण 'सिटी' आणि 'कॅम्प' या दोन शब्दांत वऱ्हाडचा एक मोठा हिशेब दडलेला आहे. सिटी म्हणजे वऱ्हाडची जुनी राजधानी. कॅम्प म्हणजे तिच्या वेशीबाहेर येऊन बसलेली फौज. या आणि अशाच इतर छावण्यांतल्या फौजेचा पगार थकला, म्हणून अख्खा वऱ्हाड दुसऱ्याच्या हाती गेला. आणि वऱ्हाडची नवी मांडणी झाली तेव्हा राजधानीच यादीतून गळाली.

'नुसकान' आणि 'अलचपूर'

आधी हे गाव किती जुनं आहे ते पाहू. तिवरखेडला सापडलेला राष्ट्रकूट राजा नन्नराजाचा ताम्रपट शके ५५३ चा, म्हणजे इसवी सन ६३१ चा आहे. तो दिला गेला अचलपुरातून. पुढे ९८८ मध्ये चितोडकडचा हरिषेण नावाचा जैन कवी इथे आला आणि इथेच त्याने 'धम्मपरिक्खा' हा अपभ्रंश भाषेतला ग्रंथ लिहिला.

त्याहून गमतीची नोंद बाराव्या शतकातली आहे. गुजरातेत बसून हेमचंद्र प्राकृताचं व्याकरण लिहीत होता. बोलताना शब्दातली अक्षरं जागा बदलतात, हे सांगण्यासाठी त्याने चक्क अचलपूरचा नियम करून ठेवला: 'च' आणि 'ल' यांची अदलाबदल होऊन 'अलचपूर' होतं. आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुसकान' होतं, तसंच. याच अलचपूरचं पुढे फारसी दप्तरांत आणि इंग्रजी नकाशांवर 'एलिचपूर' झालं. लोक या नावामागे इल राजाची गोष्ट सांगतात, ती वेगळी. व्याकरणात उदाहरण म्हणून यावं इतकं हे नाव तेव्हा दूरवर माहीत होतं, एवढं मात्र पक्कं.

वर किल्ला, खाली काळी माती

राजधानीला हीच जागा का? नकाशा उघडून बघा. उत्तरेला सातपुडा आणि त्यातून माळव्याकडे जाणाऱ्या वाटा. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कसदार जमीन. वरच्या गाविलगडावरून वाटा राखायच्या आणि खालच्या जमिनीतून सारा गोळा करायचा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला, तोही अचलपूरवरूनच.

बहमनी राज्य फुटलं तेव्हा दख्खनमध्ये पाच शाह्या उभ्या राहिल्या. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही शाळेत तोंडपाठ होतात. वऱ्हाडची इमादशाही मात्र एका ओळीत उरकली जाते. तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा मूळचा विजयनगरच्या राज्यातला कानडी हिंदू मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, आणि चढत चढत वऱ्हाडचा सुभेदार झाला. १४९० मध्ये त्याने स्वतंत्र राज्य जाहीर केलं. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर १४८८ चा त्याचा शिलालेख आजही आहे. अचलपूरच्या पश्चिमेला पाण्याच्या टाक्यात उभी असलेली 'हौज कटोरा' ही अष्टकोनी इमारत इथल्या सुलतानी काळाचीच आठवण.

१५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही बुडवली. १५९६ मध्ये चांदबिबीने तहात वऱ्हाड मोगलांना दिला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर तो हैदराबादच्या निजामाकडे आला, पण पुरता नाही. नागपूरकर भोसले त्याच जमिनीतून आपला वाटा नेत. या दुहेरी कारभाराला 'दोअमली' म्हणत. शेत एक, सारा मागणारे दोन. या काळात अचलपुरात निजामाचे नबाब बसत. शहराचा परकोट आणि दरवाजे ही त्यांच्या वेळची खूण.

फौज आली

१८०३ मध्ये इंग्रज आणि मराठे यांच्यात दुसरं युद्ध पेटलं. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. अडगावहून तो अचलपूरला आला, जखमींसाठी इथे इस्पितळ थाटलं आणि गाविलगडाकडे वळला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा डोंगरातून ओढत गडाच्या उत्तर बाजूला नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडच्या मुलखावरचा हक्क भोसल्यांनी सोडला. वऱ्हाड जवळपास सगळा निजामाचा झाला. दोअमली संपली.

पण दुसरा धनी गेला आणि त्याच्या जागी फौज आली. अचलपूरचा नबाब सलाबत खान याच्या पलटणी होत्या. त्या पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेत घेतल्या गेल्या. ही फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाचा. जालना, हिंगोली, औरंगाबादसारख्या ठिकाणी तिच्या छावण्या होत्या. त्यांतली एक अचलपूरच्या वेशीबाहेर बसली: परतवाडा. चिखलदऱ्याचं थंड पठारही १८२३ मध्ये इंग्रजांच्या नजरेस आणलं ते या हैदराबाद फौजेतल्याच कॅप्टन रॉबिन्सनने.

कापला जाणारा हप्ता

हा पगाराचा खर्च निजामाला पेलेना. बाकी साचत गेली, कंपनी कर्ज देत गेली, कर्जावर व्याज चढत गेलं. पगाराच्या दिवशीच खात्यातून ईएमआय कापला जावा, अशी बँकेसारखी व्यवस्था शेवटी कंपनीने करून घेतली. २१ मे १८५३ च्या तहाने ५,००० पायदळ आणि २,००० घोडदळाच्या या फौजेच्या खर्चासाठी निजामाने वऱ्हाड आणि आणखी काही मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मालकी निजामाची, वसुली इंग्रजांची. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिवकडचा मुलूख परत मिळाला, पन्नास लाखांचं कर्जही माफ झालं. वऱ्हाड मात्र परत आला नाही. १९०२ मध्ये तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्ट्याने दिला गेला. वऱ्हाडला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात. ती कुऱ्हाड गहाणवटीतून सुटलीच नाही.

वसुलीसाठी इंग्रजांनी वऱ्हाडची वाटणी केली. १८५७ च्या सुमारास दोन मुख्य ठाणी ठरली: पूर्व वऱ्हाडला अमरावती, पश्चिम वऱ्हाडला अकोला. शतकानुशतकं जिथून वऱ्हाड चालला, ते अचलपूर कुठल्याच बाजूचं मुख्य ठाणं झालं नाही.

पुढचं काम रेल्वेने केलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध होतं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा मिळाला. ज्या डोंगरवाटांसाठी अचलपूर वसलं होतं, त्या आता व्यापाराच्या आडवाटा झाल्या. अचलपूरला पुढे मूर्तिजापूरहून ७६ किलोमीटरची नॅरोगेज मिळाली, तीही खाजगी कंपनीची. हीच ती 'शकुंतला'. सध्या तीही बंद आहे.

३८ वर्षांचा जिल्हा

तरीही मध्ये एक काळ असा होता की अचलपूर जिल्ह्याचं ठाणं होतं. १८६७ मध्ये एलिचपूर हा वेगळा जिल्हा झाला. त्यात तीन तालुके होते: अचलपूर, दर्यापूर आणि मेळघाट. १९०३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झालं. त्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. एलिचपूर अमरावतीत गेला आणि वाशीम अकोल्यात.

वाशीमला आपला जिल्हा १९९८ मध्ये परत मिळाला. अचलपूरची मागणी अजून मागणीच आहे.

ही मागणी करताना भाषणांत इमादशाहीचं वैभव सांगितलं जातं. ऐकायला छान वाटतं, पण वैभवावर जिल्हे मिळत नाहीत, कधी मिळालेही नव्हते. वरचा सगळा इतिहास तेच सांगतो. डोंगरवाटांवर नजर ठेवायची होती तेव्हा राजधानी अचलपुरात होती. कापूस रेल्वेने न्यायचा झाला तेव्हा ती अमरावती-अकोल्याला गेली. ज्याला राज्य करायचं होतं त्याची सोय पाहून ठाणी ठरली.

त्याच्या उलट बाजूने पाहायचं तर मेळघाटातून पाहावं लागेल. १९०५ पूर्वी मेळघाटच्या कोरकू माणसाचं जिल्ह्याचं ठाणं डोंगर उतरला की समोर होतं. आज धारणीचा माणूस घाट उतरून परतवाड्याला पोचतो, तेव्हा अर्धा दिवस गेलेला असतो आणि कलेक्टर कचेरी अजून पन्नास किलोमीटर पुढे असते. मेळघाटचं नाव बालमृत्यू आणि कुपोषणाच्या बातम्यांत तीन दशकं येत आहे. त्याची कारणं अनेक आहेत, आणि नव्या जिल्ह्याने ती सगळी मिटतील असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण इस्पितळ, न्यायालय, जातीचा दाखला, वनहक्काचा दावा या सगळ्यांत अंतर मोजावंच लागतं, आणि ते मोजतो तो मजुरी बुडवून आलेला माणूस.

आज परतवाडा वाढतोय. लाकडाचा व्यापार, संत्र्याचा बाजार, धारणी-चिखलदरा-बैतूलकडे जाणाऱ्या गाड्या, सगळं कॅम्पात. तीन किलोमीटरवर सिटीत दुल्हा दरवाजा उभा आहे, त्याखालून रोज स्कूटर आणि ऑटो जातात. मेळघाटला जाताना तुम्ही परतवाड्याला चहाला थांबालच. तिथून दुल्हा दरवाजा दहा मिनिटांवर आहे. तो बघून या, आणि परत आल्यावर बसस्टँडवर धारणीच्या गाडीतून उतरणाऱ्या एखाद्याला विचारा, अमरावतीला कशासाठी चाललात म्हणून.