परिचारिका : रुफैदांच्या तंबूपासून पदव्युत्तर पदवीपर्यंत

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर म्हटले, की सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना आणि उसाने भरलेल्या गाड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. तेथून उत्तरेस सातपुडा चढू लागले, की ऊस मागे पडतो आणि धडगाव-तोरणमाळकडचे पाडे सुरू होतात. अशा पाड्यात रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, तर तिच्यापर्यंत आधी पोहोचते ती बहुधा नर्सबाई, डॉक्टर नव्हे. तरीही आपल्या समाजात मुलीच्या शिक्षणाची गोष्ट निघाली आणि कोणी परिचर्येचे नाव काढले, तर वडीलधाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘‘शेवटी डॉक्टरच्या हाताखालीच राबायचे ना?’’ या प्रश्नाचे उत्तर इतिहासात काय मिळते, ते पाहू.

आपल्याला त्यासाठी प्रथम मदिनेत जावे लागेल. हिजरी ५, म्हणजे इ.स. ६२७ मध्ये, खंदकाच्या लढाईत हजरत सअद बिन मुआज बाणाने जबर जखमी झाले. पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना मशिदीच्या आवारातील एका तंबूत हलविण्यास सांगितले. तो तंबू रुफैदा अल्-अस्लमिया या बाईंचा होता आणि त्या तेथे जखमींची शुश्रूषा करीत. त्यांचे वडील वैद्य होते आणि त्यांनी इतर स्त्रियांनाही हे काम शिकविले, असे परंपरा सांगते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रुफैदाबाई कोणाच्या हाताखाली नव्हत्या. तंबू त्यांचा होता आणि जखमी माणूस त्यांच्याच हवाली केला जात होता. हकीम अब्दुल हमीद यांनी उभारलेल्या दिल्लीच्या हमदर्द संस्थेत परिचर्या महाविद्यालयाला रुफैदांचे नाव दिले गेले, ते उगीच नव्हे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची कथा तर सर्वश्रुत आहे. हातात दिवा घेतलेले त्यांचे चित्र आपण सारे जाणतो; हातात आकड्यांचे तक्ते घेतलेल्या नाइटिंगेल मात्र फारशा कोणाला ठाऊक नसतात. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या आणि सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि रोगाने अधिक मरतात, हे पुढे त्यांनी आकडेवारीने सिद्ध केले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १८६० मध्ये त्यांच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता त्यांनी येथील आरोग्यावर विपुल लिहिले, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता महाराष्ट्राकडे वळू. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि थोड्याच काळात ससून रुग्णालयात मुलींना परिचर्येचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली. त्या काळी घरंदाज बाईने परपुरुषाची नाडी पाहायची, रात्रपाळी करायची, कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवायचे, ही कल्पनाच लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. आज आपल्या मोहल्ल्यांत जे आक्षेप ऐकू येतात, त्यांतला एकही नवा नाही. ते सारे पुण्याच्या पेठांत शंभर वर्षांपूर्वी घेतले गेले होते. फरक इतकाच, की तेथे त्यांना तोंड द्यायला न्यायमूर्ती रानड्यांची विधवा पत्नी स्वतः उभी होती. विधवा मुलीला स्वतःच्या पायांवर उभे करायचे, तर नुसत्या सहानुभूतीने भागत नाही, हातात विद्या द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु ही विद्या प्रशिक्षणाच्या पातळीवरच थांबली होती. पदवीचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९४६ मध्ये, भोर समितीच्या अहवालाने. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा, हे आपल्या भागातील वाचकांनी लक्षात ठेवावे. त्या अहवालानुसार देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक! त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५९ मध्ये दिल्लीच्या महाविद्यालयात पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. पुढे त्या महाविद्यालयाला राजकुमारी अमृत कौर यांचे नाव मिळाले. महाराष्ट्रात मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ साली लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. १९९८ हे वर्ष तर आपल्याला दुहेरी महत्त्वाचे : त्या वर्षी नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला.

पदव्युत्तर शिक्षणाने नेमके काय साधते? एक मार्ग नेतृत्वाचा : महाविद्यालयाचे प्राचार्यपद, रुग्णालयाच्या परिचर्या विभागाची सूत्रे, शासनातील सल्लागारपद. दुसरा मार्ग प्रगत रुग्णसेवेचा, आणि आपल्या डोंगराळ भागाच्या दृष्टीने मला तोच अधिक मोलाचा वाटतो. त्याची सुरुवात १९६५ साली अमेरिकेतील कोलोराडो येथे झाली. सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या परिचारिका लोरेटा फोर्ड यांनी खेड्यापाड्यांत पाहिले, की मुले आजारी आहेत आणि डॉक्टर नाहीत. डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्या साथीने त्यांनी परिचारिकांना तपासणी, निदान आणि उपचार यांचे अधिक शिक्षण देणारा अभ्यासक्रम आखला. गंमत अशी, की त्याला परिचर्येच्या क्षेत्रातूनही विरोध झाला. आज त्या देशात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा प्रस्थापित व्यवसाय आहे. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत १०४ व्या वर्षी वारल्या.

भारतात ही पायरी उशिरा आली. २०१६ च्या सुमारास परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा असा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. पुढे प्रसूतिसेवेसाठीही तशी योजना झाली. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यास प्रारंभ झाला आणि परिचर्येच्या पदवीधरांना ते दार खुले झाले. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा नवा आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. हे सर्व चांगलेच आहे. परंतु पदवीला शोभेल असे पद आणि अधिकार निर्माण झाले नाहीत, तर उच्चशिक्षित परिचारिका पुन्हा जुन्याच कामाला जुंपली जाते, ही तक्रार रास्त आहे.

आता पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. जेथे आपल्या शाळेला विज्ञान शाखाच नाही, तेथील मुलगी दहावीनंतर मुकाट्याने कला शाखेत जाते आणि हे दार तिच्या नकळत बंद होते. तरी वाट सगळीच खुंटते असे नाही. कला शाखेतून जी.एन.एम. करता येते, त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि एक वर्षाच्या अनुभवानंतर एम.एस्सी. मात्र ही वाट लांबची आहे, आणि तिच्या मध्यावर कोठेतरी मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. संस्थेच्या चालकांना म्हणूनच विनंती आहे, की अकरावीची विज्ञान तुकडी काढण्याचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.